भावोजींचा फोल्डर

भावोजी,

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. गेलेल्या माणसाला पत्रं पाठवण्याइतकी मी अजून बहकलेली नाही. पण तुमच्याविषयी चार पानं लिहायला बसले आणि ‘ते’, ‘त्यांचं’, ‘त्यांना’ असं करता करता भलत्याच कुणाविषयी लिहिल्यासारखं वाटायला लागलं. तेव्हा सरळ तुम्हालाच सांगते. मध्ये बोलू नका. तशी तुम्हाला सवय नव्हतीच.

तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा बावन्न वर्षांचे होतात. हातात एक पत्र्याची ट्रंक, खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासलीत, छापखाना बंद पडला, आणि ‘चार दिवस दादाकडे जाऊन येतो’ म्हणून निघालात. लग्न केलेलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचात, “पहिली खेपच इतकी चुकांची निघाली की दुसरी काढली नाही.” पहिली खेप म्हणजे काय, ते आम्ही कधी विचारलं नाही.

ते चार दिवस अकरा वर्षं चालले.

तुमची खोली म्हणजे घराच्या मागच्या अंगाची, एका खिडकीची, तुमच्या दादांच्या कागदांनी भरलेली. तुमचे दादा शेवाळाचे प्राध्यापक. जगात शेवाळावर जे जे छापलं जाई त्याची झेरॉक्स काढून आणायची आणि खोक्यात टाकायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अभ्यास. बासष्ट खोकी होती. मी मोजली होती, कारण त्यांच्यावरची धूळ मीच झटकत असे. त्या खोक्यांच्या मध्ये तुमची खाट टाकली. पहिल्या संध्याकाळी आमच्या लेकीने विचारलं, “आई, काका कुठे झोपणार?”

मी पोळीला तेल लावत होते. मान वर न करता म्हणाले, “अडगळीत. अडगळीसोबत अडगळ.”

लेक खो खो हसली. तुमचे दादासुद्धा हसले, आणि ते काही रोज हसणारे नव्हते. तुम्ही दारात उभे होतात. हसलात की नाही, हे मी पाहिलं नाही. पण शब्द तिथून चिकटला. लेक लग्न होऊन दूर गेली तरी फोनवर विचारायची, “अडगळ काय म्हणतेय?” मी म्हणायचे, “जेवतेय.” पाहुणे आले की मी ओळख करून द्यायचे, “हे आमचे धाकटे भावोजी, घरातली अडगळ,” आणि पाहुण्यांना वाटायचं, काय मोकळी थट्टा चालते या घरात. थट्टा एकाच बाजूने चालत होती. मी शाळेत गणित शिकवलं, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते. टोमणा कुठे लागतो, हे मला माहीत नसणार तर कुणाला?

तुमचं वर्णन करायला गेलं तर फार काही हाती लागत नाही. उंच नाही, बुटके नाही. केस पांढरे, भुवया मात्र काळ्या, त्यामुळे सतत कशाचं तरी नवल वाटत असल्यासारखा चेहरा. जेवताना ताटाखालच्या वर्तमानपत्रातल्या चुका सापडायच्या तुम्हाला. “वहिनी, ‘निवीदा’ छापलंय बघा, दीर्घ,” असं म्हणून बोटाने त्या शब्दाभोवती वरणाचं वर्तुळ काढायचात. औषधाच्या बाटल्या, लग्नपत्रिका, गॅसच्या नळीवरची सूचना, काहीही वाचायचात, आणि प्रत्येक ओळीखाली ती पट्टी धरायचात. मी एकदा म्हणाले, “स्वयंपाकघरात चुका शोधायच्या असतील तर आधी भांडी घासा.” तुम्ही उठलात आणि घासलीत. पुढे रोजच घासायला लागलात. म्हणजे तेही मी पदरात पाडून घेतलं.

तुमचे दादा निवृत्त झाले, त्यानंतर काही वर्षांनी लेकीने त्यांना संगणक घेऊन दिला. तो तुमच्याच खोलीत मांडला, कारण बाहेरच्या खोलीत तो मला नको होता. दादांनी तीन दिवस त्याच्याशी झुंज दिली, चौथ्या दिवशी म्हणाले, “हे कारकुनी काम आहे.” मग तुम्हाला हाक मारली.

“हे सगळे कागद यात घालायचे.”

“सगळे?”

“सगळे. मग संदर्भ मागितला की पटकन उघडला पाहिजे. जमेल का, की त्यालाही माझीच गरज लागेल?”

“जमवतो, दादा.”

आणि जमवलंत, हे मी कबूल करते. छापखान्यातल्या एका जुन्या सोबत्याकडे पंधरा दिवस जाऊन शिकून आलात. ट्रंकेवर स्कॅनर ठेवलात. एकेक कागद खोक्यातून काढायचा, टाचणी काढायची, स्कॅन करायचा. फाइलला नाव द्यायचं: लेखकाचं आडनाव, साल, लेखाच्या मथळ्यातले पहिले तीन शब्द. ती फाइल हिरवं, निळं, तांबडं, तपकिरी, अशा शेवाळाच्या रंगाप्रमाणे ठेवायची. मग संदर्भ सांभाळणारा तो प्रोग्राम उघडायचा, त्यात त्या लेखाची नोंद करायची, आणि नोंदीला फाइल जोडायची. पडद्यावरसुद्धा ओळीखाली ती पट्टी धरायचात. मी दारातून पाहायचे आणि मला हसू यायचं.

“भावोजी, पडदा खरवडाल.”

“वहिनी, ओळ सुटते हो.”

दिवसाला दहा-बारा जोडून व्हायच्या. प्रत्येक जोडलेली फाइल नोंदीतून उघडून बघायचात. उघडली की दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची एक बारीक रेघ. “उघडून बघितल्याशिवाय जोडलं म्हणायचं नाही,” हा तुमचा नियम. खोक्यांत काय काय निघालं! एकाच लेखाच्या पाच-पाच प्रती, पाचही प्रतींवर दादांच्या अक्षरात ‘अत्यंत महत्त्वाचे’, आणि पाचही न वाचलेल्या. एकदा तुम्ही मला हळूच दाखवलंत: तांबड्या शेवाळावरच्या एका लेखाची मूळ छापील प्रत होती, तिची पानं कापलेलीसुद्धा नव्हती, आणि वर लिहिलं होतं, ‘असहमत’.

त्या दिवशी मात्र आपण दोघं हसलो. एकदाच.

तुम्हाला मी एकदा विचारलं होतं, “मग हे सगळे कागद त्या प्रोग्रामच्या पोटात गेले?” तुम्हाला कोणी प्रश्न विचारला की तुमचा चेहरा उजळायचा. म्हणालात, “नाही, तेच तर. फाइली बाहेर आहेत, डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये. प्रोग्रामकडे फक्त पत्ता असतो. कुठल्या फोल्डरमध्ये, कुठल्या नावाची फाइल, एवढंच. आपल्या पत्त्यांच्या वहीत माणसं नसतात, वहिनी, पत्ते असतात. उद्या कोणी गल्लीच्या तोंडावरची पाटीच बदलली, तर…”

“तर पोस्टमन परत जाईल. कळलं. दूध उतू जातंय,” म्हणून मी निघून गेले. मला सगळ्या गोष्टी अर्ध्यात कळतात, असा माझा समज होता. शाळेतही पोरींची उत्तरं मी अर्ध्यात तोडायचे.

तीन वर्षांनी चौकटीच्या दोन्ही बाजू रेघांनी भरल्या. सात हजार आठशे बारा.

तेव्हा तुमच्या दादांनी एका संशोधन संस्थेला लिहिलं, की माझा आयुष्यभराचा संग्रह मी संस्थेला देऊ इच्छितो. संचालक बाईंचं उत्तर आलं. संग्रह फाइलींसकट जोडलेला असेल तर संस्था घेईल, त्याला दादांचं नाव देईल. आणि शेवटी एक ओळ होती: ज्या व्यक्तीने तो जोडला तीच तो सांभाळायला योग्य, तेव्हा त्यांच्यासाठी संग्रहपालाची जागा आणि वाचनालयामागची एक खोली देता येईल.

ती ओळ दादांनी मोठ्याने वाचली नाही. पत्र टेबलावर उघडं पडलं होतं, तुम्ही सवयीने पट्टी धरून वाचलंत. पट्टी त्या शेवटच्या ओळीखाली किती वेळ होती, ते मी ओट्यापासून पाहत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कोणाला न सांगता ती खोली बघून आलात. मला सांगितलंत ते भांडी घासताना, पाठमोरे. “अकरा विती रुंद, सोळा विती लांब. खिडकी पूर्वेला. भिंतीत एक फळी आहे, वहिनी, आणि सदरा अडकवायला खिळा.”

“खिळा तर इथेही आहे.”

“इथला तुमच्या पिशव्यांचा.”

हे तुम्ही तक्रारीने म्हणाला नव्हतात. म्हणाला असतात तर मी भांडले असते, आणि बरं झालं असतं.

तुम्हाला त्या घरातून बाहेर पडायचं होतं. त्रेसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या कामावर, स्वतःच्या खिळ्यापाशी. एवढंच हवं होतं, आणि ते आठवड्यावर आलं होतं.

संचालक बाई येणार त्या सकाळी मी तुमची खोली आवरायला घेतली. खाट उचलून गच्चीच्या जिन्यात उभी केली, ट्रंक न्हाणीघरात. चौकटीवरच्या रेघा साबणाच्या पाण्याने पुसल्या. तीन वर्षांच्या रेघा निघायला दहा मिनिटं लागली. तुम्ही आलात, चौकटीकडे पाहिलंत, म्हणालात, “चालेल. आकडा लक्षात आहे.” आणि दाढी करायला गेलात.

मग मी संगणक पुसला. तो चालूच होता. पडद्यावर एका कोपऱ्यात एकच फोल्डर होता, ज्यात ते सगळं शेवाळ होतं. तीन वर्षं मी त्या खोलीत येत-जात होते, पण त्याखालचं नाव मी कधी वाचलं नव्हतं. त्या दिवशी चष्मा डोळ्यांवर होता.

‘अडगळ’.

भावोजी, तो शब्द कुणाचा हे मला क्षणात कळलं. तुम्ही त्या संग्रहावर तुमची सही केली होती, आणि ती मी दिलेल्या नावाने केली होती. मला लाज वाटली का? नाही. मला राग आला. ती बाई बसणार, विचारणार, ‘हे असं नाव का?’ आणि तुम्ही आपल्या त्या नवल वाटलेल्या चेहऱ्याने सांगणार, ‘वहिनी मला म्हणतात.’ माझ्या घरात, माझ्या कपबश्या समोर मांडलेल्या असताना.

नाव कसं बदलायचं ते मला येत होतं. लेकीने शिकवलं होतं, फोटोंसाठी. मी नाव बदललं. ‘प्राध्यापकांचा संदर्भसंग्रह’. शुद्धलेखन एकदा तपासलं आणि चहाचं पाणी ठेवायला गेले. गल्लीची पाटी, पोस्टमन, काहीही मला आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी थांबले असते की नाही, ते आता सांगता येत नाही. थांबले असते असं लिहायला सोपं आहे, म्हणून लिहीत नाही.

बाई वेळेवर आल्या. साध्या, बारीक, नजर नेमकी. तुमचे दादा तुम्हाला आधीच बजावून बसले होते.

“तू आत थांब. त्या माझा संग्रह बघायला येतायत.”

“दादा, उघडून दाखवायचं…”

“दोनदा टिचकी मारायची असते, एवढं मला येतं. तू बोलायला लागलास की ओळ संपत नाही. लागलं तर हाक मारीन.”

तुम्ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसलात. दादांचा जुना सदरा घातला होतात, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. मी बिस्किटं मांडत होते. दादांचं व्याख्यान ऐकू येत होतं: चाळीस वर्षं, सात हजार आठशे बारा. तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, “आकडा बरोबर सांगितला.” तुमचे पाय स्टुलाखाली लहान मुलासारखे हलत होते.

मग टिचकीचा आवाज. पुन्हा टिचकी.

“फाइल सापडली नाही, असं म्हणतंय,” दादा म्हणाले. “हे जुनं मशीन. दुसरी बघू.”

दुसरी सापडली नाही. हिरव्यातली नाही, निळ्यातली नाही, तांबड्यातली नाही. दर वेळी पडद्यावर सूचना यायची, आणि दादा ती झटक्यात बंद करायचे. त्या सूचनेत खाली बारीक अक्षरांत फाइलीचा पूर्ण पत्ता असतो, जुन्या नावासकट. तो दादांच्या नाकासमोर होता. पण ज्याने आयुष्यभर कागद जमवले आणि वाचले नाहीत, तो माणूस ही ओळ काय वाचणार? बाई जरा बाजूला बसल्या होत्या, त्यांना तिथून दिसत नव्हतं.

सातव्यांदा त्यांनी तुम्हाला हाक मारली. हाक कसली, ओरडलेच.

तुम्ही सदऱ्याला हात पुसत गेलात, मागून मी ट्रे घेऊन. तुम्ही पडद्याकडे पाहिलंत. नोंदींकडे नाही, थेट त्या कोपऱ्याकडे. तुमचे खांदे खाली आले, सुटका झाल्यासारखे.

“दादा, मोठं काही नाही. फोल्डरचं नाव बदललं गेलंय. फाइली सगळ्या जागेवर आहेत. आधीचं नाव दिलं की झालं.”

“मग द्या की,” बाई म्हणाल्या. छान हसून म्हणाल्या.

तुम्ही कीबोर्डवर हात ठेवलेत.

“थांब,” दादा म्हणाले. “बदललं कोणी?”

तुम्ही पडद्याकडेच पाहत राहिलात.

“या खोलीत तुझ्याशिवाय राहतं कोण? ऐन दिवशी असला खेळ? मुद्दाम केलास?”

“मी त्या यंत्राला हात लावत नाही,” मी म्हणाले. मला कोणी विचारलं नव्हतं.

तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत.

“ते नंतर बघता येईल,” बाई म्हणाल्या. “आधी काय नाव होतं?”

साधा प्रश्न होता. चार अक्षरांचं उत्तर होतं. तुमची बोटं कीबोर्डवरच होती, आणि तुम्ही माझ्याकडे बघत होतात. ट्रे माझ्या हातात होता. मी मान हलवली. अगदी एवढीशी. ‘नको’ अशी.

तुम्ही कीबोर्डवरून हात उचललात, सदऱ्याच्या लांब बाह्यांत घेतलात, आणि म्हणालात, “आठवत नाही.”

बाईंनी चष्मा काढला. “सात हजार फाइली ज्या फोल्डरमध्ये जोडल्यात, त्याचं नाव आठवत नाही?”

“नाही.”

“आठवून बघा. घाई नाही.”

“नाही आठवत, बाई.”

त्या आणखी थोडा वेळ थांबल्या. तुमच्यासाठीच थांबल्या होत्या, ते दिसत होतं. मग उठल्या. बिस्किटाला हात लावला नाही. दारात दादांना म्हणाल्या, “सांभाळणारा माणूस पक्का हवा हो. मी कळवते.” त्यांनी आठ दिवसांत कळवलं. दोन ओळी होत्या.

त्या दोन ओळी यायच्या आधीच तुम्ही गेलात. दादांनी संगणकाची वायर भिंतीतून उपटली, खोलीला कुलूप घातलं, किल्ली माझ्या जुडग्यात अडकवली. तुमच्याशी बोलले ते एवढंच: “अकरा वर्षं खाल्लंस आणि ताटात घाण केलीस.” तुम्ही जिन्यातल्या खाटेवर, म्हणजे खाट उभी होती, तिला टेकून बसलात. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून ट्रंक काढलीत. ती खालून ओली झाली होती. तुम्ही ती जुन्या फडक्याने पुसलीत आणि फडकं धुऊन दोरीवर वाळत घातलंत.

दादा फिरायला गेले होते. मी दारात उभी राहिले. ‘जाऊ नका’ म्हणायला नव्हे. दार लावून घ्यायला.

“वहिनी,” तुम्ही म्हणालात, “किल्ली तुमच्याकडे आहे ना? मी गेल्यावर तेवढं नाव होतं तसं करा. दादांचं काम अडायला नको. दोन मिनिटं लागतील. सगळ्या फाइली आपोआप उघडतील.”

“तुम्ही का नाही सांगितलंत?”

“काय?”

“नाव.”

तुम्ही त्या काळ्या भुवया वर केल्यात. “तुम्ही नको म्हणालात ना.”

मी म्हणाले, “करते.”

इथे वाचणाऱ्याला वाटेल, की वहिनीने त्या दिवसापासून डोळ्याला पदर लावला. तसं काही झालं नाही. मी पहिल्या आठवड्यात नाव बदललं नाही, कारण दादा घरातच होते. महिनाभर बदललं नाही, कारण फाइली उघडल्या असत्या तर त्यांनी विचारलं असतं, ‘आता कशा उघडल्या?’ मग माझ्या लक्षात एक गंमत आली. दादांना त्या फाइली नकोच होत्या. त्यांना आता एक गोष्ट मिळाली होती. ‘सख्ख्या भावाने माझी चाळीस वर्षं बुडवली’ ही गोष्ट ते बँकेत सांगत, दवाखान्यात सांगत, भाजीवाल्याला सांगत. लोक चुकचुकत. शेवाळावर बोलताना त्यांना एवढे श्रोते कधी मिळाले नव्हते. संग्रह सापडला असता तर ते पुन्हा साधे निवृत्त प्राध्यापक झाले असते. मी शेजारी बसून ऐकायचे आणि वर म्हणायचे, “जाऊ द्या हो, आपलेच दात.” क्षमाशील बायको म्हणून माझंही नाव झालं.

तुम्ही दुसऱ्या गावी एका कुरिअरच्या गोदामात लागलात. पाकिटांवर पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. चुकीचे पत्ते आधीच ओळखायचात म्हणून मुकादम खूश होता, असं तुम्ही सांगितलंत. चार वर्षांत तुमचे दोन फोन आले. दोन्ही दादा फिरायला जाण्याच्या वेळी.

पहिल्यांदा विचारलंत, “वहिनी, ते नाव केलंत का?”

“करते म्हटलं ना. घरात काय एकच काम असतं मला?”

“नाही, नाही. सवडीने करा. फक्त फोल्डर हलवू नका हं कुठे. जागेवर आहे तोवर काळजी नाही.”

दुसऱ्यांदा तुमचा आवाज बसला होता. फोनवर मध्ये मध्ये थांबत होतात. मी विचारलं, “खोकला झालाय का?” म्हणालात, “गोदामात धूळ असते.” मग पुन्हा तेच: “तेवढं काम…”

मी चिडले. म्हणाले, “भावोजी, एवढं काय अडलंय तुमचं त्यात? तुम्हाला इथून हाकलून दिलं, ते लक्षात नाही का? मला एकदा सांगा, त्या दिवशी तुम्ही गप्प का बसलात? माझ्यावर उपकार करायला? मी मागितले होते का उपकार?”

पलीकडे तुम्हाला खोकल्याची उबळ आली. मग म्हणालात, “दादा महिनोन्‌महिने बोलायचे नाहीत, वहिनी. तुम्ही रोज टोमणा तरी मारायचात.”

मी फोन ठेवला. रागाने नव्हे, कुकरची शिट्टी झाली होती. खरंच झाली होती.

तुम्ही गेल्याचा फोन मुकादमाने केला, त्या दिवशी दादांचा सत्कार होता. पंच्याहत्तरी. हार आणले होते, माणसं यायची होती. दादा म्हणाले, “आता जाऊन काय होणार?” मी म्हणाले, “काही नाही होणार.” आम्ही गेलो नाही. सत्काराच्या भाषणात त्यांनी तुमची गोष्ट सांगितली, शेवटी ‘आजच तो गेला, मी त्याला माफ केलं आहे’ असं जोडून. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होते. मीही वाजवल्या, कारण सगळे बघत होते.

मुकादमाने तुमची ट्रंक पाठवली. तिच्यात तीन सदरे, ती स्टीलची पट्टी, आणि वाचनालयामागच्या त्या खोलीचं एक पेन्सिलीने काढलेलं चित्र. खाट कुठे, टेबल कुठे, हे आखलेलं. खिळ्याच्या जागी फुली. पट्टी मी ठेवून घेतली. ट्रंक देऊन टाकली.

पुढच्या वर्षी तुमचे दादाही गेले. आता मला विचारणारं कोणी नाही, ज्याच्यापासून लपवावं असं कोणी उरलेलं नाही. लेक म्हणते, “आई, ते घर विक आणि इकडे ये. त्या जुन्या संगणकाचं काय करायचं, फेकून दे.” उद्या जुनं सामान नेणारा येणार आहे, म्हणून परवा मी कुलूप उघडलं. वायर भिंतीत घातली. मला वाटलं होतं, बंदच पडलेला असेल आणि सुटले. पण कुरकुर करत चालू झाला. कोपऱ्यात तुमचा फोल्डर होता, मी बदललेल्या नावाचा. जागेवर.

एक फाइल उघडून पाहिली. सापडली नाही. या वेळी मी सूचना बंद केली नाही, खालची बारीक ओळ तुमची पट्टी धरून वाचली. तो शब्द तिथे होता, डेस्कटॉपच्या पुढे आणि तांबड्या शेवाळाच्या मागे.

तुम्ही दोन मिनिटं म्हणाला होतात. माझा विश्वास बसत नव्हता, मी गणिताची बाई. म्हणून बाजूला एक नवा रिकामा फोल्डर केला, त्याला काहीतरी नाव दिलं, मग ते पुसून तुमची चार अक्षरं टाइप केली. घड्याळ लावलं होतं. अकरा सेकंद लागले, तेही माझ्या बोटांना संधिवात असताना.

तो रिकामा फोल्डर मी पुसून टाकला. तुमच्या फोल्डरला मी हात लावलेला नाही. वायर काढली, खोलीला पुन्हा कुलूप घातलं. सामान नेणारा उद्या दहा वाजता येतो म्हणाला आहे. तुम्हाला मी ‘करते’ म्हणाले होते, दोनदा.